आजीव वर्गणी

मासिकाची आजीव वर्गणी तुम्हांला ठाऊक असेल. एकदाच पैसे भरायचे, मग अंक कायम घरी येतो. पण मासिकच बंद पडलं तर? फोनवरच्या आणि संगणकावरच्या सेवांचंही तसंच आहे.

अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाची एक पेटी मिळत असे. किंमत सुमारे ३०० डॉलर. ती घरात ठेवली की फोनवरून दिवे लावता येत, दाराचे कुलूप उघडता येई. सेवा आजीव, असे सांगून ती विकली होती. २०१४ साली नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा बंद केली. पेटी धडधाकट होती हो! पण ती चाले कंपनीच्या दूरच्या संगणकावर. तो थांबला, पेटी मुकी झाली. लोकांनी ओरड केली, तेव्हा नेस्टने पैसे परत देऊ केले. कंपनीच बुडाली असती तर कोणाकडे मागणार?

सगळंच असं नसतं. काही प्रोग्राम आपल्याच यंत्रावर चालतात. कंपनी गेली तरी ते चालू राहतात. मात्र पुढची दुरुस्ती मिळत नाही, आणि यंत्र बदललं की अडतं.

पैसे देण्याआधी विचारा: इंटरनेट नसताना हे चालेल का? माझा हिशेब, माझे फोटो मला माझ्याकडे उतरवून घेता येतील का?