लिंबाच्या पानावरची नागमोडी रेघ



आपल्या देणगीतून नारायणगड परिसरातील पारधी व भिल्ल कुटुंबांच्या दारी कागदी लिंबाची रोपे लागली आहेत. त्यांच्या कोवळ्या पानांवर गोगलगाय चालून गेल्यासारख्या चंदेरी रेघा उमटतात आणि पाने मुरडतात. रोप गेले असे समजून कोणी ते उपटू नये, म्हणून हा पाठ लिहीत आहे.

हे काम पाने पोखरणाऱ्या अळीचे. तिचा पतंग जिऱ्याच्या दाण्याहूनही लहान, रुपेरी, पंखाच्या टोकाशी काळा ठिपका असलेला. तो रात्री फिरतो, त्यामुळे सहसा दिसत नाही. स्टेंटन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५६ साली त्याचे वर्णन केले, तेही कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. म्हणजे कीड आपल्याकडचीच. अमेरिकेत फ्लोरिडाच्या संत्राबागांत ती १९९३ साली पोचली.

मादी फक्त कोवळ्या नवतीवर अंडी घालते. अळी पानाच्या पातळ सालीखाली शिरून आतला रस पीत पुढे सरकते. रेघेच्या मधोमध दिसणारी काळसर ओळ ही तिची विष्ठा. शेवटी पानाची कड दुमडून ती तिथेच कोष करते. सालीचे पांघरूण असल्याने वरून मारलेले महागडे औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. दुकानदार ते देतो, आपण उधारीवर आणतो, आणि तिला खाणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीचे बारीक मित्रकीटक मात्र मरतात.

मोठे झाड हा त्रास सोसते. त्याची पाने तोडू नयेत, उरलेला हिरवा भाग झाडाला पोसतच असतो. जपायचे ते पहिल्या दोन-तीन वर्षांचे रोप. रेघेच्या टोकाशी अळी दिसली, तर तेवढे पान खुडून जाळावे. जखमेतून खैऱ्या रोग शिरतो आणि कागदी लिंबाला तो फार लवकर धरतो. ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी नवतीवर फवारावी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. युरिया जपून द्यावा, त्याने कोवळी पाने भराभर फुटतात.

पावसाळ्यातली नवती संपते न संपते तोच ऊसतोडीची वेळ होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास घरे रिकामी होतात. निघण्यापूर्वी एक फवारणी उरकावी आणि आळ्यात पाचोळा पसरावा. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी प्रार्थना करा. पाण्याचा तांब्या पुढचे पाच-सहा महिने त्यांच्याच हाती असतो.