आज्ञापालन : एका प्रयोगाचा अभ्यास

‘वरून हुकूम आला, मी तो पाळला’ हा बचाव तसा फार जुना. १९६१ च्या एप्रिलमध्ये जेरुसलेम येथे ॲडॉल्फ आइकमनवरील खटला सुरू झाला, तेव्हा लक्षावधी ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे रवाना करण्याची व्यवस्था पाहणारा हा अधिकारी हेच सांगत होता. त्याच वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या तरुण मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग हाती घेतला. आइकमनसारख्यांचे राहू द्या. चारचौघांसारखा मनुष्य हुकमावरून निरपराध्याला इजा करील काय, हा त्याचा प्रश्न होता.

क्रमिक पुस्तकांत या प्रयोगाची हकिकत बहुधा ‘पासष्ट टक्के’ या आकड्यावर संपते. मला मात्र वाटते की खरा अभ्यास त्या आकड्याच्या पुढे सुरू होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम प्रयोगाची मांडणी पाहू. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन न्यू हेवन शहरातून माणसे बोलावण्यात आली. टपाल कचेरीतले कारकून, शिक्षक, विक्रेते, मजूर, अशी सर्व थरांतली. मोबदला चार डॉलर आणि वर गाडीभाड्याचे पन्नास सेंट. शिक्षेचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो ते पाहायचे आहे, असे त्यांना सांगत. मग चिठ्ठ्या टाकून ‘शिक्षक’ कोण आणि ‘विद्यार्थी’ कोण ते ठरे. दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ हाच शब्द असे, आणि विद्यार्थी होणारा मध्यमवयीन गृहस्थ प्रयोगकर्त्याच्या संगनमतातला. त्याला शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधत. शिक्षकापुढे यंत्र, त्यावर तीस खटके, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत. विद्यार्थी चुकला की एक खटका दाबायचा, पुन्हा चुकला की त्याच्या पुढचा. झटका प्रत्यक्षात विद्यार्थ्याला बसत नव्हताच. मात्र शिक्षकाला आरंभी नमुन्यादाखल ४५ व्होल्टचा खरा झटका देत, त्यामुळे त्याला यंत्राची खात्री पटे.

या मांडणीतली खरी मेख मला खटक्यांच्या अंतरात दिसते. प्रत्येक पायरी अवघी १५ व्होल्टची. ज्याने १५० चा झटका दिला, तो १६५ ला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

आमच्या वर्गात सरांनी विचारले होते, की शेवटच्या खटक्यापर्यंत कोण जाईल? एकही हात वर झाला नाही. मिलग्रॅमने चाळीस मनोविकारतज्ज्ञांना अंदाज विचारला, तेव्हा त्यांनीही हजारात एखादाच म्हटले होते. प्रत्यक्षात १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चाळीसपैकी सव्वीस पुरुष ४५० व्होल्टपर्यंत गेले. ३०० व्होल्टला पलीकडून भिंतीवर धक्के ऐकू येत, पुढे सारे शांत होई, तरीही. ही माणसे निर्ढावलेली होती असे मात्र म्हणता येत नाही. त्यांना घाम फुटे, जीभ अडखळे, कित्येकांना विचित्र हसू आवरत नसे. मन नको म्हणत होते आणि बोट खटका दाबत होते.

मिलग्रॅम एवढ्यावर थांबला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याने परिस्थिती पुनःपुन्हा बदलून पाहिली. विद्यार्थी त्याच खोलीत बसविला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे चाळीस टक्क्यांवर आले. त्याचा हात धरून पत्र्यावर दाबायचा म्हटल्यावर तीस टक्क्यांवर. प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन दूरध्वनीवरून सूचना देऊ लागला, तेव्हा सुमारे एक पंचमांशच टिकले. दोन प्रयोगकर्त्यांत मतभेद झाला, तेव्हा कोणीच पुढे गेले नाही. उलट खटका दुसऱ्याने दाबायचा आणि आपण नुसते प्रश्न वाचायचे, असे काम वाटून दिले, तेव्हा चाळीसपैकी सदतीस जण अखेरपर्यंत बसून राहिले! कचेऱ्यांचा कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे फारसे नवल वाटू नये.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सोबत्यांचा प्रकार. बरोबरचे दोन ‘शिक्षक’ उठून नकार देत, तेव्हा चाळीसपैकी फक्त चार जण शेवटास गेले. येथे आपल्याकडचे उदाहरण आठवते. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरला निःशस्त्र जमावावर गोळीबार करण्यास गढवाल रायफल्सच्या शिपायांनी नकार दिला. चंद्रसिंग गढवालींना जन्मठेप झाली. पण त्या दिवशी ते एकटे नव्हते. शेजारच्या शिपायाचीही बंदूक खाली होती. अर्थात हा नियम सरसकट लावता येत नाही. जेरी बर्गर यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या, १५० व्होल्टशी थांबविलेल्या प्रयोगात एकट्या सोबत्याच्या नकाराने फारसा फरक पडला नाही. एक आणि दोन यांत इतके अंतर असावे काय, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

प्रयोगावर टीकाही पुष्कळ झाली. माणसांना फसवून इतका मनस्ताप देण्याचा अधिकार शास्त्रज्ञाला कोणी दिला, असे डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्येच विचारले, आणि ते रास्तच होते. पुढे जीना पेरी यांनी जुनी कागदपत्रे व ध्वनिफिती तपासून २०१२ साली दाखविले, की झटके खरे आहेत याविषयी अनेकांना शंका होती आणि प्रयोगकर्ता ठरलेल्या वाक्यांपलीकडे जाऊन आग्रह करीत असे.

ती ठरलेली वाक्ये चार. ‘कृपया पुढे चालू ठेवा’, ‘प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणे जरूर आहे’, अशी सुरुवात होई. चौथे वाक्य मात्र निव्वळ हुकूम : ‘तुम्हाला दुसरा मार्ग नाही, पुढे गेलेच पाहिजे.’ बर्गर यांच्या प्रयोगात ज्याच्या ज्याच्या बाबतीत हे चौथे वाक्य उच्चारावे लागले, त्यांतला एकही पुढे गेला नाही. हॅस्लम आणि रायशर हे अभ्यासक म्हणूनच म्हणतात, की ही माणसे हुकमाला भ्यालेली नव्हती. आपण शास्त्राच्या चांगल्या कामाला हातभार लावतो आहोत, अशी त्यांची समजूत होती. मला हे म्हणणे पटते. आइकमनलाही तेच लागू पडते. अर्जेंटिनात लपून असताना १९५० नंतरच्या दशकात त्याने एका पत्रकाराला दिलेल्या ध्वनिमुद्रित मुलाखतींत हुकमाच्या ताबेदाराचा सूर नाही. स्वतःच्या कामगिरीचा अभिमान आहे.