डिझेल इंजिनाचा यांत्रिक इंधनपंप : बिघाड ओळखणे व पंप बदलणे

होडीत बसविलेले डिझेल इंजिन आणि ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन यांची घडण मुळात एकच असते. पर्किन्स जातीची इंजिने तर दोन्ही कामांस वापरली गेली आहेत. त्यांपैकी अनेकांवर टाकीतील डिझेल ओढून फिल्टरकडे पोहोचविणारा एक लहानसा पंप बसविलेला असतो. त्याची किंमत इंजिनाच्या मानाने अल्प; परंतु त्याच्या बिघाडाकडे दुर्लक्ष केल्यास सबंध इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून शेतकरी बंधूंनी व ग्रामकार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घ्यावा.

विहिरीवरील एक सिलिंडरच्या ज्या इंजिनास टाकी वर असून डिझेल आपोआप उतरते, त्यास हा पंप नसतो. होडीच्या मागे टांगलेल्या पेट्रोल इंजिनाची रचनाही निराळी असते. त्या दोहोंचा विचार येथे केलेला नाही.

पंपाचे कार्य

इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवटा पंपाच्या दांडीस रेटतो. दांडी डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा, खाली ओढते व डिझेल आत येते. नंतर स्प्रिंग पडदा वर ढकलते व डिझेल पुढे जाते. आत येण्याची व बाहेर जाण्याची अशा दोन झडपा असतात. पुढील नळी भरलेली असेल तर पडदा खालीच राहतो व दांडी रिकामी हलते. इंजिनाचे दोन फेरे झाले की पंपाचा एक ठोका होतो.

पडदा फाटल्यास काय होते

होडीत टाकी बहुधा पंपाच्या पातळीखाली असते. पडदा फाटला की डिझेल वर चढत नाही आणि इंजिन भर पाण्यात बंद पडते. नाथसागरासारख्या सुमारे ३५० चौरस किलोमीटर विस्ताराच्या जलाशयात वारा सुटला असता हा प्रसंग जिवावर बेतणारा आहे. वल्ही नेहमी बरोबर असावीत, ती याचसाठी.

ट्रॅक्टरची गोष्ट याच्या उलट व अधिक फसवी आहे. तेथे टाकी पुष्कळदा पंपाच्या वर असते. पडदा फाटला तरी डिझेल उतारामुळे पुढे जात राहते आणि ट्रॅक्टर चालू राहतो. त्याच वेळी डिझेल फाटक्या पडद्यातून इंजिनाच्या ऑईलमध्ये झिरपते. कॉक उघडा राहिल्यास ट्रॅक्टर उभा असतानाही रात्रभर हे चालते. ऑईल पातळ होते, त्याचे वंगण राहत नाही, आणि बेअरिंग व क्रँकशाफ्ट झिजून जातात.

यावरून एक नियम ध्यानी ठेवावा : ऑईलची पातळी न भरता वाढली, तर ती आनंदाची गोष्ट नव्हे. गेजपट्टीवरील ऑईल पातळ लागले व त्यास डिझेलचा वास आला, तर इंजिन चालू करू नये. काही पंपांच्या अंगास लहान छिद्र असते. त्यातून डिझेल ठिबकणे हीही पडदा फाटल्याची खूण होय. ऑईल दुधासारखे पांढरट झाले असेल तर मात्र त्यात पाणी गेले आहे, असे समजावे.

बदलण्यापूर्वीची तपासणी

इंजिन बंद पडले की दोष पंपाचाच असतो असे नाही. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात :

१. टाकीत डिझेल आहे काय व कॉक उघडा आहे काय.
२. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे काय.
३. फिल्टर गाळाने भरला आहे काय.
४. टाकी ते पंप या नळीत कोठे हवा शिरते काय.

हे सर्व ठीक असल्यास पंपाची बाहेरची नळी सोडून तिचे तोंड डब्यात धरावे व इंजिन बंद करण्याची कळ ओढून ठेवून फेरे द्यावेत. पिचकारीसारखे ठोक्याठोक्याने डिझेल यावयास हवे. टाकी वर असल्यास नुसती संथ धार आपोआप लागते. तीवरून पंप चांगला आहे असे मानू नये.

पंप बदलण्याची रीत

कॉक बंद करून बॅटरीची तार सोडावी. जवळपास विडी किंवा आग नसावी. दोन्ही नळ्यांवर खूण करून त्या सोडाव्यात व तोंडे स्वच्छ फडक्याने झाकावीत. बोल्ट काढून पंप उतरवावा. जुने गॅस्केट पूर्ण खरवडून काढावे. तुकडे इंजिनात पडू देऊ नयेत. नवे गॅस्केट मूळच्याच जाडीचे असावे. जाड घातल्यास दांडीचा पल्ला कमी पडतो.

नवा पंप जुन्याच्या शेजारी धरून दांडीची लांबी व वाक ताडून पाहावा. कॅमचा उंचवटा दांडीपासून दूर जाईल असे इंजिन फिरवावे, दांडी जुन्याप्रमाणेच कॅमवर बसवावी आणि बोल्ट आळीपाळीने सारखे आवळावेत. जुन्या ट्यूबच्या रबराचा पडदा कापून कधीही घालू नये. ते रबर डिझेलमध्ये फुगते.

पडदा फाटला होता असे आढळल्यास ऑईल पूर्ण काढून, ऑईल फिल्टर बदलून, नवे ऑईल भरावे. हे काम इंजिन चालू करण्यापूर्वीच व्हावयास पाहिजे.

त्यानंतर हवा काढावी. कॉक उघडून, प्रथम फिल्टरचा व मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू सैल करून हाताची कळ हलवावी. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळावा. कळ ढिली लागल्यास कॅमचा उंचवटा दांडीखाली आला आहे असे समजून इंजिनास एक फेरा द्यावा. चालू इंजिनाच्या नोजल नळीवरील गळती हाताने चाचपू नये. तेथील बारीक धार कातडीत घुसते.

सांडलेल्या डिझेलची काळजी

होडीच्या तळाशी साचलेले डिझेल पाण्यात उपसून टाकू नये. नाथसागराचे पाणी छत्रपती संभाजीनगर शहरास पिण्यासाठी जाते. डिझेल चिंध्यांनी टिपून, जुन्या ऑईलसह डब्यात काठावर आणावे.

सारांश, रोज सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी गेजपट्टी पाहावी व काम संपताच कॉक बंद करावा. या दोन सवयींस खर्च काहीच नाही, परंतु पडदा फाटल्याचे त्यांमुळे वेळीच कळते व इंजिन वाचते.