पाळणे वाढले, की मरणं घटली?



"आमच्या आजीला आठ लेकरं झाली, तेव्हा कुठं गर्दी होती? आता दोनच होतात, मग लोकसंख्या वाढते कशी?" गावोगावच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेऊ या.

१. पूर्वी लोकसंख्या का वाढत नव्हती?

आजच्या भारताच्या भूभागात १९११ साली सुमारे २५ कोटी माणसे होती. १९२१ च्या जनगणनेत हा आकडा वाढण्याऐवजी किंचित घटलेला दिसला. घरोघर पाळणे हलत होते, पण तिरड्याही जवळजवळ तितक्याच उठत होत्या. प्लेग, पटकी, देवी, हिवताप, दुष्काळ, एकामागून एक संकटे येत होती. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत तर देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. सहा झाली तर दोन-तीन हाती लागतील, असा आईबापांचा हिशेब होता. त्या काळी तो खराच होता.

२. मग वाढ कशाने झाली?

जन्म वाढले म्हणून नव्हे, मरणं घटली म्हणून! लसी आल्या, औषधे आली, शुद्ध पाणी आले, दुष्काळात धान्य पोहोचू लागले. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी आढळला नाही. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण मरणं लवकर घटली आणि जास्त मुलांची जुनी रीत मात्र सावकाश बदलली. या मधल्या काळात १९५१ चे ३६ कोटी २०११ साली १२१ कोटी झाले.

३. आता मुले कमी, तरी वाढ का?

२०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली, देशात २. पण पूर्वीच्या मोठ्या कुटुंबांत जन्मलेली मुले आज संसाराला लागली आहेत. तरुण जोडपी जास्त, म्हणून जन्मही जास्त. २०२० साली देशात हजार माणसांमागे साधारण २० जन्म आणि ६ मृत्यू झाले.

दुसरे कारण लवकर होणारी लग्ने. हिशेब करून पाहा. प्रत्येक पिढीत मुलगी १८ व्या वर्षी आई झाली, तर ७२ वर्षांत चार नव्या पिढ्या होतात. २४ व्या वर्षी झाली, तर तीनच. मुले प्रत्येकीला दोनच, तरीही हा फरक! वरच्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभरांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते.

तिसरे कारण "वंशाला दिवा हवा" म्हणून वाढवलेला पाळणा. मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरते. त्यात आईचा दोष नाही.

४. आपण काय करावे?

महाराष्ट्रात २०२० साली जन्मलेल्या हजारांतली १६ बाळे वर्षाच्या आत गेली, ९८४ जगली. आता आजीचा हिशेब धरायचे कारण उरले नाही.

● मुलीचे लग्न अठराच्या आत नको. पहिले बाळ विशीनंतर.
● दोन बाळंतपणांत किमान तीन वर्षांचे अंतर ठेवा. आईचे रक्त भरून निघते, बाळाला अंगावरचे दूध पुरते.
● पाळणा लांबवण्यासाठी निरोध, तांबी, माला-एन व छाया गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन.
● पाळणा थांबवण्यासाठी नसबंदी. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुष शंभरांत एकही नाही! भाऊ, सगळा भार बाईनेच का उचलायचा? पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी सोपी आहे, त्याच दिवशी घरी जाता येते. ताकद कमी होत नाही. मात्र पुढे तीन महिने निरोध वापरा आणि तपासणी करून घ्या.

१९७५-७७ च्या आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली, ती भीती काही घरांत अजून आहे. ध्यानात ठेवा, निर्णय तुमचा आहे. समजून घ्या, शंका विचारा, मगच ठरवा. सरकारी दवाखान्यात ही साधने मोफत मिळतात. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना भेटा. दोघांनी मिळून जा.

विशीनंतर पाळणा, तीन वर्षांचा थांबा,
आई राहील धडधाकट, बाळ गुटगुटीत अंगा!