कुसुंब्याचा रंग

लातूर जिल्ह्यात रेणा नदीच्या काठी रेणापूर हे गाव वसलेले आहे. रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ते दूरवर परिचित आहे. गावाभोवती काळीभोर, खोल जमीन पसरली आहे. पावसाळा सरला, की या जमिनीत ज्वारी, हरभरा आणि करडई ही रब्बीची पिके घेतात. मार्गशीर्षात वेळअमावस्या येते. त्या दिवशी या भागातील लोक मुलाबाळांसह शेतात जातात आणि भज्जी व आंबील यांचे जेवण करतात. तेव्हा करडई नुसती हिरवी असते. पुढे माघ महिना लागतो. वसंतपंचमीच्या सुमारास तिच्या काटेरी बोंडांतून पिवळ्या पाकळ्या डोकावू लागतात. दोनचार दिवसांत त्या केशरी होतात आणि कोमेजता कोमेजता तांबूस दिसू लागतात. पंचांगातील वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. शेतातील वसंत मात्र त्यापूर्वीच येऊन पोहोचलेला असतो.

करडई हे मोठे काटक पीक आहे. तिचे सोटमूळ जमिनीत खोलवर जाते आणि तेथील ओल शोषून घेते. वरची जमीन भेगाळली, तरी झाड तग धरते. कोवळेपणी तिच्या पानांची भाजी करतात. झाड वाढले, की पानांच्या कडांना आणि बोंडांना तीक्ष्ण काटे येतात. गुरे अशा झाडाला तोंड लावीत नाहीत. म्हणून ज्वारीच्या किंवा गव्हाच्या शेताभोवती करडईच्या ओळी पेरण्याची जुनी रीत आहे. तिच्या बियांपासून खाण्याचे तेल निघते. या तेलासाठीच शेतकरी आज करडई पेरतो. फुले उमलतात, वाळतात आणि गळून जातात. त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

एके काळी या फुलांकडे फार बारकाईने पाहणारा एक कलावंत होता. तो म्हणजे रंगारी. करडईच्या फुलाला कुसुंबा असेही म्हणतात आणि त्यापासून मिळणाऱ्या तांबड्या रंगाला कुसुंबी रंग. पूर्वी रंगाऱ्यांचा व्यवसाय गावोगावी चालत असे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातील रंगार गल्लीचे नाव आजही त्या व्यवसायाची आठवण देते.

कुसुंब्याच्या पाकळीत दोन रंग असतात. एक पिवळा आणि दुसरा तांबडा. पिवळा रंग विपुल असतो आणि पाण्यात सहज विरघळतो. तांबडा रंग अगदी थोडा असतो; पाकळ्यांच्या शंभर भागांत त्याचा एक भागही भरत नाही. शिवाय नुसत्या पाण्यात तो विरघळत नाही. पिवळ्या रंगाच्या आड लपलेला हा तांबडा रंग बाहेर काढणे, यातच रंगाऱ्याचे कौशल्य होते.

फुले तोडण्याचे काम भल्या पहाटे चाले. त्या वेळी दवाने काटे थोडे मऊ झालेले असतात. ऊन चढले, की ते ताठ होतात आणि बोटे रक्ताळतात. बोंड न दुखवता केवळ पाकळ्या उपटून घ्याव्या लागत. बी धरून गेल्यावर पाकळ्या काढल्या, तर धान्याचे काही नुकसान होत नाही. शेतकऱ्याला बी मिळे आणि रंगाऱ्याला फूल.

त्या पाकळ्या रंगारी पाण्यात भिजवून तुडवीत असे. पिवळे पाणी निघून जाई. पुन्हा नवे पाणी, पुन्हा तुडवणे. पाणी निर्मळ येईपर्यंत हे काम चाले. नंतर त्या पाकळ्यांत सज्जीखार किंवा राख मिसळून त्या मळत. खाराच्या योगाने तांबडा रंग पाण्यात उतरे. हे पाणी गाळून घेऊन त्यात कापड बुडवीत आणि लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणी घालीत. आंबट मिसळताच पाण्यातील रंग सुटा होऊन कापडाच्या धाग्यांना धरू लागे. एकदा बुडवलेले कापड गुलाबी दिसे; पुन्हा पुन्हा बुडवले, की ते गडद तांबडे होई. या कामात चूल पेटवीत नसत, कारण उष्णतेने कुसुंब्याचा तांबडा रंग नासतो. रसायनशास्त्राचे ग्रंथ न वाचताही खार, आंबट आणि उष्णता यांचे गुण रंगारी पुरेपूर जाणून होता.

ही विद्या एकाच देशाची नव्हती. प्राचीन इजिप्तमधील थडग्यांत कुसुंब्याने रंगवलेली वस्त्रे सापडली आहेत. जपानात याच फुलापासून ओठांना लावण्याचा तांबडा रंग तयार करीत. इंग्लंडात कागदपत्रे बांधण्याच्या सुती फितीही कुसुंब्याने रंगवीत असत.

तथापि कुसुंब्यात एक मोठा दोष होता. हा रंग टिकाऊ नव्हता. ज्या खाराने तो पाकळीतून बाहेर येई, त्याच खाराने तो कापडातूनही सुटे. उन्हात तो विटे. म्हणून कुसुंबी वस्त्र जपून धुवावे लागे आणि सावलीत वाळवावे लागे. रंग फिका पडला, की ते पुन्हा रंगाऱ्याकडे जाई. अशा रीतीने दर वसंतात शेत रंगे आणि अधूनमधून वस्त्रही नव्याने रंगे.

इसवी सन १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाच्या १८ वर्षांच्या इंग्रज तरुणाला प्रयोग करीत असता जांभळा कृत्रिम रंग गवसला. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थातून तो निघाला होता. त्यानंतर एकामागून एक कृत्रिम रंग तयार होऊ लागले. ते स्वस्त होते. मूठभर भुकटीत पुष्कळ कापड रंगत असे. पहाटेची तोडणी, पाकळ्यांची धुलाई आणि खाराचे माप यांची गरज उरली नाही. कुसुंब्याचा रंग मागे पडला आणि रंगाऱ्याच्या घरातील विद्या पुढच्या पिढीकडे जाईनाशी झाली. कृत्रिम रंगांमुळे गरिबालाही रंगीत वस्त्र मिळू लागले, हे खरेच आहे. परंतु करडई शेतात उभी असताना तिच्या फुलाचा उपयोग जाणणारी माणसे दिसेनाशी झाली, ही हानीही तितकीच खरी आहे.

फुलातील रंग वस्त्रातून गेला, तरी फुलाची आकृती मात्र वस्त्रात राहिली. रेणा नदी मांजरेला मिळते आणि मांजरा पुढे गोदावरीला. त्याच गोदावरीच्या काठी, वरच्या बाजूस, पैठण हे प्राचीन नगर आहे. सातवाहनांच्या काळी त्याला प्रतिष्ठान म्हणत. तेथील पैठणी हे वस्त्र म्हणजे जणू रेशमात फुलवलेला बगीचाच होय. तिच्या पदरावर असावलीच्या फुलवेली चढतात. मुनिया, म्हणजे पोपट, वेलीवर बसतात. मोर, कमळ आणि कुयरी हेही तेथे असतात. माधवराव पेशव्यांनी (कारकीर्द १७६१ ते १७७२) पैठणहून असावलीचे दुपट्टे मागवले होते.

पैठणीचा विणकर फुलाचे चित्र रंगवीत नाही; तो ते धाग्यांनी बांधतो. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि त्यांतून आडवे जाणारे धागे म्हणजे बाणा. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी वेगळी लहानशी तिल्ली असते. तिच्यावर गुंडाळलेला धागा विणकर जेथे तो रंग हवा, तेवढ्याच जागेत हाताने ओवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवतो. त्यामुळे उत्तम पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. पदरावर नक्षी भरगच्च असेल, तर एका पैठणीला कित्येक महिने लागतात.

येथे कलावंतापुढे एक अडचण उभी राहते. पाकळी गोल असते. धागे मात्र सरळच जातात. विणकराला गोल रेषा पायऱ्यापायऱ्यांनी वळवावी लागते. पानावरची प्रत्येक शीर आणि पाकळीवरची प्रत्येक छटा वस्त्रात आणता येत नाही. मग काय ठेवावे आणि काय सोडावे? ज्याने फूल नीट पाहिले आहे, त्यालाच हे ठरवता येते. कमळाचे कमळपण कशात आहे आणि वेलीचा डौल कोणत्या वळणात आहे, हे तो जाणतो. तेवढे तो ठेवतो आणि उरलेले सोडून देतो. चांगला माळीही असेच करतो. गुलाबाची छाटणी करताना कोणती फांदी ठेवायची, हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. माळी आणि विणकर या दोघांनाही घाई करता येत नाही. कळी ओढून उमलत नाही आणि पदर ओढून पुरा होत नाही.

अलीकडे नैसर्गिक रंगांकडे काही कारागिरांचे लक्ष पुन्हा वळले आहे. करडईच्या वाळलेल्या पाकळ्यांना मागणी येऊ लागली आहे. पाकळ्या तोडणे सोपे व्हावे, म्हणून बिनकाट्यांच्या जातीही निर्माण करण्यात आल्या आहेत. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने करडईचे नवे वाण दिले आहेत. परंतु शेतांत सोयाबीन आणि हरभरा वाढले, तसतशी करडई मागे हटली आहे. एकेक बोंड हाताळून मूठभर पाकळ्या गोळा करणाऱ्या मजुराला पुरेसे दाम मिळाले, तरच फूल तोडले जाईल. फूल तोडले गेले, तरच रंग निघेल. कला केवळ कौतुकावर जगत नाही. तिच्यामागे राबणाऱ्या हातांना पोट असते.

मराठी भाषेने मात्र ही फुलबाग जतन करून ठेवली आहे. अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, जांभळा, अंजिरी, वांगी, केशरी, कुसुंबी ही रंगांची नावे कोठून आली, याचा विचार करावा. कोणी एके काळी बागेत किंवा शेताच्या बांधावर उभा राहिला, त्याने एक फूल वा फळ डोळे भरून पाहिले आणि त्या रंगाला त्याचे नाव दिले. ज्यांनी करडईचे फूल कधी पाहिले नाही, तेही कुसुंबी हा शब्द वाचतात. माघातल्या एखाद्या सकाळी रेणापूरच्या वाटेने जाताना करडईचे शेत दिसले, तर क्षणभर थांबावे. त्या काटेरी बोंडावर त्या शब्दाचा अर्थ उमललेला असतो.

स्वाध्याय

१. करडईच्या पाकळीतील दोन रंगांत कोणता फरक आहे?
२. फुले पहाटे का तोडीत असत?
३. कुसुंबी रंग मागे पडण्याची कारणे सांगा. त्यात लाभ कोणता झाला आणि हानी कोणती?
४. विणकर आणि माळी यांच्या कामातील साम्य स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. ‘कला केवळ कौतुकावर जगत नाही’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. फुले, फळे व पक्षी यांच्यावरून पडलेली रंगांची दहा नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा.