फोन बरोबर होता

अण्णांचं वर्षश्राद्ध कार्तिक वद्यात होतं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीत. उज्जैनला सिद्धवटावर धाकटा भाऊ सगळं करणार होता. गुरुजींनी सकाळी ११ ची वेळ दिली होती. भाऊ म्हणाला, "ताई, संकल्पापासून व्हिडिओ कॉल चालू ठेवतो, तू समोर राहा." निघण्याआधी उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या घरात बसूनच मी फोनच्या कॅलेंडरात नोंद केली होती.

ऑक्टोबरच्या मध्याला तिकडे पोचले. एक दिवस सहज कॅलेंडर उघडलं, तर ११ ची नोंद रात्री साडेबाराला सरकलेली. मी बोटांवर मोजलं. लेकीने फरक साडेनऊ तासांचा सांगितला होता. ११ मधून साडेनऊ गेले की उरतो दीड. फोन चुकला असं धरून मी ती नोंद दीडवर नेली.

फोन बरोबर होता. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे नेतात, आणि न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे पडतं. कॅलेंडरने तो तास आधीच धरला होता. त्या रविवारी जावयांनी ओव्हनवरचं घड्याळ मागे केलेलं मी स्वतः पाहिलं होतं. त्याचा अण्णांच्या श्राद्धाशी काही संबंध असेल, हे मनातही आलं नाही.

श्राद्धाच्या रात्री आंघोळ करून सव्वाला बसले. बाळाची झोप मोडू नये म्हणून फोनचा आवाज बंद होता. पाहिलं तर भावाचे तीन कॉल येऊन गेलेले. लावला, तेव्हा तो घाटाच्या पायऱ्यांवर उभा होता. धोतर पोटरीपर्यंत ओलं, बोटातलं दर्भाचं पवित्रक काढून झालेलं. "पिंड सोडले गं ताई. गुरुजींना किती थांबवणार?" त्याने कॅमेरा क्षिप्रेकडे फिरवला. पाण्यावर दोन-चार झेंडूची फुलं लांब जात होती.

हे फार लागलं, कारण वेळेचा हा धडा मला अण्णांनीच दिला होता. लहानपणी ते आम्हाला उज्जैनच्या वेधशाळेत नेत. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे पडझडीला आली, आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली. सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचायची आणि अण्णांच्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहायची, हा आमचा खेळ. ती कधीच जुळायची नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आपलं गाव पावणेशहात्तरच्या आसपास, म्हणून सरासरी २७ मिनिटांचा फरक. त्यात सूर्याची चाल वर्षभर सारखी दिसत नाही. फेब्रुवारीत सावलीच्या वेळेत ४१ मिनिटं मिळवावी लागतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम ११. ज्या उज्जैनवरून आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी मध्यरेषा धरली, तिथेही दोन वेळा नांदतात. अण्णा विचारत, "आता वाजले किती ते नंतर. आधी सांग, कुणाच्या घड्याळात?"

परदेशी लेकराबाळांकडे जाणाऱ्यांना मी आता हेच विचारायला सांगते. कार्यक्रम उज्जैनचा असेल तर नोंद करताना वेळेखाली दिसणारा टाइम झोन उघडून पाहा. भारताची वेळ तिथे कोलकात्याच्या नावाने असते. आणि नोंदीच्या नावातच लिहा: "श्राद्ध, उज्जैनचे सकाळी ११". मग तिकडे गेल्यावर आकडा कितीही विचित्र दिसला तरी नाव खरं सांगेल. आकडा पटला नाही म्हणून वेळ बदलू नका, नोंद उघडून तिचा झोन बघा.

उलट बाजूने फसगत जास्त होते. न्यू जर्सीत सकाळी ९ ला लेकीला डॉक्टरांकडे न्यायचंय आणि नोंद तुम्ही इथून करताय, तर झोन न्यूयॉर्कचा निवडा. नाहीतर फोन ते आपले ९ समजेल, आणि उन्हाळ्यात तिकडे उतरल्यावर ती भेट आदल्या रात्री साडेअकराला दिसेल. विमानाच्या तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची असते. ती नोंदवतानाही तसंच. वाढदिवस मात्र पूर्ण दिवसाची नोंद म्हणून टाकलेत तर तारीख सोडत नाहीत.

दर आठवड्याच्या कॉलला एक यजमान ठरवा, म्हणजे वेळ कुणाच्या घड्याळाने धरायची ते. रविवारी आपल्याकडे रात्री ८ म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मागे येतं तेही निरनिराळ्या रविवारी. एक मूल लंडनला, दुसरं शिकागोला असेल, तर ते मधले आठवडे आधी फोन करून विचारलेलेच बरे.

तिथीचं आणखी वेगळं. तिथी लागण्याचा क्षण जगभर एकच, पण सूर्योदय आणि तारीख वेगळी, म्हणून तिकडे तीच तिथी आदल्या दिवशी येऊ शकते. श्राद्ध उज्जैनला होणार असेल तर उज्जैनचंच पंचांग धरा. स्वतः तिकडे तर्पण करणार असाल तर तिथल्या गावाचं.

यंदाची नोंद मी इथूनच केली आणि लेकीलाही पाठवली. संध्याकाळी तिचा फोन आला, "आई, माझ्याकडे रात्रीचे साडेबारा दाखवतंय. बदलू का?"

म्हटलं, "बरोबर आहे. हात लावू नकोस."