पोळा, बगीचा, गोटमार आणि पहिला डीएसएलआर

नवा कॅमेरा ऑटोवर ठेवला की निर्णय त्याचे. त्याचे मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या उजेडाचे आहे असे धरून चालते. पांढुर्णा-सौंसरकडचे पांढरे बैल आणि संत्र्यांचे ढीग या हिशेबात बसत नाहीत. तेव्हा शिकायचे ते इथूनच.

काय करावे

- डायल ‘ए’वर (कॅननवर ‘एव्ही’) ठेवा. छिद्र तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा ठरवेल. सोबतची १८-५५ लेन्स ५५वर नेऊन फांदीवरचे एक संत्रे आधी एफ ५.६वर टिपा, मग एफ ११वर. मागची पाने किती उठून येतात ते ताडून बघा.
- पांढऱ्या बैलाला एक्स्पोजर +१ द्या. नाहीतर पोळ्याला घासून-धुऊन आणलेला बैल फोटोत मळका दिसतो. काळ्या बैलाला −१. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटला तर थोडे मागे या, अंगावरच्या केसांचा पोत जाता कामा नये.
- फोकस पॉइंट एकच निवडा आणि तो बैलाच्या जवळच्या डोळ्यावर धरा. कॅमेऱ्यावर सोडलात तर तो पुढे आलेले शिंग नाहीतर बाशिंग पकडतो.
- शटरवर नजर ठेवा. ५५ मिमीला हातात धरून किमान १/१००, चालत्या जोडीला १/२५०, गोटमारीतल्या उडत्या दगडाला १/१०००. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. थोडे दाणे चालतील, हललेला फोटो चालत नाही.
- संत्र्यांच्या तोडणीच्या वेळी व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा. नुसता नारिंगी ढीग समोर असला की ऑटो त्याचा रंग फिका करू बघतो. रॉमध्ये काढलेत तर रंग नंतरही सुधारता येतो.

काय टाळावे

- गोटमारीला जाम नदीच्या पात्रात उतरू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव, दोन्हीकडून दगड येतात, दरवर्षी माणसे जखमी होतात. एक डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की बाजूने येणारा गोटा दिसतच नाही. दगडाच्या टप्प्याबाहेरची गच्ची गाठा, घरमालकाला विचारा, लांब पल्ल्याची लेन्स लावा.
- गर्दीत, गुलालात लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर आडोशाला, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून.
- आतल्या आरशाला बोट किंवा फडके लावू नका, तोंडाने फुंकर तर नकोच. थुंकीचे थेंब धुळीपेक्षा वाईट. रबरी ब्लोअर घ्या.
- बैलाच्या तोंडावर फ्लॅश मारू नका. जनावर बुजते आणि कासरा धरलेला माणूस ओढला जातो.
- जामसावळीला गाभाऱ्यात न विचारता कॅमेरा काढू नका. निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाची रांग अडवून फोटो नको.
- पावसाळ्यात कॅमेरा बॅगेतच पडू देऊ नका. ओल धरली की लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.
- फसलेला फोटो जागच्या जागी डिलीट करू नका. घरी संगणकावर शटर, छिद्र, आयएसओचे आकडे बघा, चूक तिथे सापडते.
- लगेच दुसऱ्या लेन्ससाठी नागपूर गाठू नका. वर्षभराचे फोटो चाळा. बहुतेक ५५वर अडले असतील तर टेलिलेन्स घ्या, १८वर अडले असतील तर वाइड.